कोल्हापूर–नागपूर: अंतर सातशे किलोमीटर, वेळ दोन दिवस

प्रति,
केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालय, नवी दिल्ली,
महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी, मुंबई,
आणि कोल्हापूर व नागपूर येथून विमाने चालवणाऱ्या कंपन्यांचे वेळापत्रक आखणारे अधिकारी यांस,

विषय: कोल्हापूर–नागपूर विमान सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल अशा वेळेला, आठवड्याचे सातही दिवस चालवण्याबाबत.

स.न.वि.वि.

मी इचलकरंजी परिसरातल्या एका सूतगिरणीसाठी कापूस खरेदीचे काम पाहतो. आमच्याकडे चात्या आहेत, माग आहेत, कामाची माणसे आहेत. कापूस मात्र पिकतो विदर्भात आणि मराठवाड्यात. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत हिंगणघाट, वणी, यवतमाळ, वर्धा या पट्ट्यात आमच्यासारख्यांची सतत ये-जा असते. शिवाय डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असते, उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ आहे, नागपूरच्या एम्समध्ये दाखल झालेले नातेवाईक असतात. विजयादशमीला दीक्षाभूमीवर जाणारे आमच्या भागातले लोक तर किती तरी. १९२० साली शाहू महाराजांनी बाबासाहेबांना ज्या परिषदेत पुढे आणले ते माणगाव आमच्या हातकणंगले तालुक्यातच आहे. उलट दिशेने विदर्भातली कुटुंबे अंबाबाईला, जोतिबाला, नरसोबाच्या वाडीला येतात. थोडक्यात, या मार्गाला प्रवासी नाहीत हे कारण मला मान्य नाही. प्रवासी आहेत, पण त्यांच्या कामाच्या वेळेला विमान नाही.

आधी अंतराचे बोलतो. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाच्या धावपट्टीपासून नागपूरच्या सोनेगाव विमानतळाच्या धावपट्टीपर्यंत सरळ हवाई अंतर साधारण ७०० किलोमीटर आहे. मुंबई विमानतळापासून नागपूर विमानतळ साधारण ६८० किलोमीटरवर आहे. म्हणजे आकाशातून मोजले तर नागपूर मुंबईला जितके जवळ, जवळजवळ तितकेच कोल्हापूरला जवळ. हे सांगितले की आमच्याकडचे लोक विश्वास ठेवत नाहीत, कारण मनातला नागपूरचा रस्ता पुण्यावरून किंवा मुंबईवरून जातो. मुंबईचा माणूस सकाळी नागपूरला जाऊन रात्री घरी जेवायला येतो. तेवढ्याच अंतरासाठी कोल्हापूरच्या माणसाला मुक्कामाची बॅग भरावी लागते.

नकाशा घेऊन या दोन विमानतळांमध्ये रेष ओढून बघा. उजळाईवाडीहून निघालेली ती रेष सांगलीच्या थोड्या वरून जाते, पंढरपूरला जवळजवळ स्पर्श करते, धाराशिवच्या बाजूने परळीजवळ पोहोचते, पुढे पुसद आणि यवतमाळच्या आसपासून वर्ध्याच्या अगदी जवळून नागपूरला जाते. महाराष्ट्राच्या पोटातून जाणारी ही रेष आहे. आज कोल्हापूरहून नागपूरला निघालेला माणूस या रेषेवरून क्वचितच जातो. मुंबईमार्गे विमानाने गेला तर आधी ३१० किलोमीटर उत्तरेला मुंबई, मग तिथून ६८० किलोमीटर पूर्वेला नागपूर, मिळून ९९० किलोमीटर. हैदराबादमार्गे हेच अंतर ८८० किलोमीटरच्या आसपास भरते. म्हणजे महाराष्ट्रातल्या एका शहरातून दुसऱ्या शहरात जायला राजधानीवरून जाण्यापेक्षा तेलंगणावरून जाणे जवळ पडते. नवी मुंबईचे विमानतळ आता झाले आहे, त्याचा आनंद आहेच. पण कोल्हापूरचे विमान एका विमानतळावर उतरणार आणि नागपूरचे दुसऱ्यावरून सुटणार असे झाले, तर मुंबईमार्गे जाण्याचा पर्याय उरणारच नाही.

जमिनीवरचा हिशेब याहून कठीण आहे. महाराष्ट्र एक्स्प्रेस कोल्हापूरहून गोंदियाला जाते. एकाच राज्यात इतके लांब धावणाऱ्या गाड्यांमध्ये तिचे नाव नेहमी घेतले जाते. मिरज, पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा असा मोठा वळसा घालून ती नागपूरला पोहोचेपर्यंत साधारण एक दिवस आणि एक रात्र जाते. पंढरपूर, लातूर, परभणी, हिंगोलीमार्गे जाणारी गाडीही आहे, पण ती रोजची नाही. रस्त्याने कुठूनही गेले तरी आठशे-नऊशे किलोमीटर होतात, ट्रॅव्हल्सच्या गाडीत एक अख्खी रात्र आणि वर अर्धा दिवस. बरेच जण रात्रीच्या बसने पुण्याला जातात आणि लोहगावहून पहाटेचे विमान धरतात. झोप नाही, पाठ धरलेली, आणि त्याच दिवशी शंभर गाठींचे नमुने डोळ्यांखालून घालायचे. पन्नाशीनंतर हे झेपत नाही.

विमानाच्या वेळेबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे, कारण जाहिरातीत आणि राजकीय भाषणांत 'अवघ्या एका तासात' हे शब्द फार सहज येतात. जेट विमान वर गेल्यावर ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास वेगाने जाते. त्या हिशेबाने ७०० किलोमीटरला पाऊण तासाच्या वर थोडी मिनिटे लागावीत. तसे होत नाही. विमान जागेवरून हलते तेव्हापासून वेळ मोजली जाते. धावपट्टीच्या टोकापर्यंत जाणे, उड्डाणाची परवानगी, वर चढायला वीसेक मिनिटे, तेही कमी वेगाने, उतरण्यासाठी खाली येणे, वळण घेऊन धावपट्टीच्या रेषेत येणे, उतरल्यावर फलाटापर्यंत चालत जाणे, हे सगळे त्यात धरावे लागते. शिवाय विमान माझ्या नकाशावरच्या रेषेने उडत नाही. ठरलेले हवाई मार्ग आहेत, नागपूरला हवाई दलाचा तळ आहे, पुण्याभोवतीचे आकाशही हवाई दलाच्या ताब्यात आहे. हिवाळ्यात वरच्या थरात पश्चिमेकडून वारा जोरात वाहतो, त्यामुळे नागपूरला जाताना थोडी मदत होते आणि येताना तोच वारा तोंडावर येतो. हे सगळे धरून जेटला सव्वा तास ते एक तास वीस मिनिटे लागतात. पंख्याच्या एटीआर विमानाचा वेग ताशी पाचशेच्या आसपास, त्याला पावणेदोन तास लागतील. मला दोन्ही चालेल. विमान पंख्याचे आहे म्हणून कोल्हापूरचा कुणी व्यापारी तक्रार करणार नाही. जेटने वाचणारी अर्ध्या तासाची बचत आम्हाला महत्त्वाची नाही, कारण आमचे दोन दिवस जातात ते दुसऱ्याच ठिकाणी.

ते ठिकाण म्हणजे वेळापत्रक. या मार्गावर थेट विमान मिळते तेव्हा पहिला प्रश्न असतो, आठवड्यातल्या कोणत्या वारी? दुसरा, किती वाजता? समजा विमान अकराला कोल्हापूरहून निघाले आणि सव्वाबाराला नागपूरला पोहोचले. अर्ध्या-पाऊण तासात तेच विमान परत फिरते. मी बॅग घेऊन बाहेर पडेपर्यंत ते कोल्हापूरच्या वाटेला लागलेले असते. मी हिंगणघाटला पोहोचतो अडीचला. जिनिंगवाला, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधणारा, जेवून आलेला असतो, दोन लॉट बघून होतात, दिवस मावळतो. रात्री मुक्काम. दुसऱ्या दिवशी दुपारचे विमान असेल तर सकाळी काही करता येत नाही, कारण दहालाच नागपूरकडे निघावे लागते. आणि दुसऱ्या दिवशी विमानच नसेल, तर तिसऱ्या दिवसाची वाट बघायची किंवा रात्रीची बस धरायची. सव्वा तासाच्या प्रवासाचे दोन-तीन दिवस होतात ते असे.

कापूस फोनवर का घेत नाही, असे कुणी विचारेल. फोटोत कापूस पांढराच दिसतो. त्यातली पत्ती म्हणजे पानांचा कचरा, कवडी म्हणजे खराब बोंडांचा कापूस, ओलावा, धाग्याची लांबी, मायक्रोनेअर म्हणजे तंतूचा बारीकपणा, हे हाताने आणि मशीनवर बघावे लागते. १७० किलोच्या एका गाठीत चूक झाली तर ती गिरणीत सुताच्या प्रत्येक तुटीला दिसते. एका लॉटमध्ये शंभर गाठी असतात. भाव खंडी या वजनाच्या मापावर ठरतो आणि बाजार तासातासाला हलतो. गेल्या हंगामात एक चांगला लॉट ठरत आला होता, मी निघायच्या पहाटे विमान रद्द झाल्याचा संदेश आला, आणि संध्याकाळपर्यंत तो माल दुसऱ्याकडे गेला. कंपनीने तिकिटाचे पैसे परत दिले. गिरणीचा तोटा मात्र कोणत्याच खात्यावर लागला नाही.

म्हणून माझी पहिली आणि खरी मागणी एवढीच आहे. या मार्गाचे विमान सकाळी सातच्या आसपास एका टोकाहून निघावे आणि संध्याकाळी सातच्या आसपास दुसऱ्या टोकाहून परत निघावे. सातला उजळाईवाडीहून उडालो तर साडेआठपर्यंत नागपूर, दहाला हिंगणघाट, चारपर्यंत काम, सहाला विमानतळ, साडेआठला कोल्हापूर, आणि साडेनऊ-दहाला इचलकरंजीत घरी. एका दिवसात सगळे बसते. नागपूरच्या माणसालाही हेच हवे असणार. ज्याला कोल्हापूरला चप्पल-गूळ-फौंड्रीच्या कामासाठी यायचे, त्याने इथे मुक्काम का करावा?

विमान दुपारीच का येते याचेही कारण मला ठाऊक आहे. कंपन्यांची विमाने रात्री बंगळूरला, हैदराबादला किंवा मुंबईला उभी राहतात. सकाळची आणि संध्याकाळची चांगली वेळ त्या मोठ्या शहरांतून निघणाऱ्या फेऱ्यांना जाते, आणि आमच्यासारख्या दोन शहरांमधली फेरी दिवसाच्या मधल्या रिकाम्या वेळात घुसवली जाते. त्या वेळी प्रवासी कमी मिळतात. मग सांगितले जाते की मार्गाला प्रतिसाद नाही. हे चक्र तोडायचे तर एक विमान रात्री कोल्हापूरला किंवा नागपूरला मुक्कामी उभे राहिले पाहिजे. रात्री उतरण्याची सोय कोल्हापूरला २०२२ पासून आहे. धावपट्टी १३७० मीटरवरून १९३० मीटर झाली आहे. मार्च २०२४ मध्ये नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. राजाराम महाराजांच्या काळात १९३९ साली सुरू झालेल्या या विमानतळाला आज इमारतीची कमतरता नाही. कमतरता आहे ती रात्री तिथे उभ्या राहणाऱ्या विमानाची.

इथे राज्य सरकारला काही आठवण करून द्यावीशी वाटते. लहान शहरे परवडणाऱ्या विमानसेवेने जोडण्याच्या 'उडान' योजनेसाठी केंद्राशी करार करणारे महाराष्ट्र देशातले पहिले राज्य होते, २०१६ साली. त्या योजनेत विमान कंपनीला मिळणाऱ्या तूट-भरपाईतला पाचवा हिस्सा राज्य देते, इंधनावरचा कर कमी करते, विमान उतरवण्याचे आणि उभे करण्याचे शुल्क माफ असते. सुरुवातीला तासाभराच्या, सुमारे पाचशे किलोमीटरच्या प्रवासाला अडीच हजार रुपयांची मर्यादा ठेवली होती. हे सगळे जनतेच्या पैशातून झाले. पण त्या करारांमध्ये आठवड्याला किती फेऱ्या याची अट असते, फेरी किती वाजता हवी याची अट दिसत नाही. आणि प्रवाशाच्या दृष्टीने वेळ हीच खरी अट आहे. कोल्हापूर–नागपूरला, आणि मी तर म्हणेन राज्यातल्या प्रत्येक अशा जोडीला, सरकारी मदत द्यायची असेल तर ती एका दिवसात परत येता येईल अशाच वेळापत्रकाला द्या. दुपारच्या फेरीला अनुदान देऊन ती बंद पडण्याची वाट बघू नका.

बंद पडण्याचा मुद्दा मोठा आहे. नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात 'उडान'चा हिशेब आहे. मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच झाले नाहीत, आणि सवलतीची तीन वर्षे संपल्यानंतरही टिकलेले मार्ग अवघे ५४. आमच्याच शेजारी सिंधुदुर्गात चिपी विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२१ मध्ये केवढ्या थाटात झाले. मुंबईच्या विमानाला सुरुवातीला गर्दी होती, पुढे फेऱ्या बेभरवशाच्या झाल्या, आणि सव्वा वर्षात गोव्यात मोपाचे विमानतळ सुरू झाल्यावर लोक तिकडे वळले. कोकणातल्या माणसाला चिपी जवळ होते. पण ज्या विमानाचा भरवसा नाही ते जवळ असून उपयोगाचे नाही. आमच्याकडेही लोक बेळगावला आणि गोव्याला जाऊन विमान धरतात, ते याच कारणाने.

धाराशिव, लातूर आणि यवतमाळ इथल्या धावपट्ट्यांकडेही बघा. माझ्या त्या रेषेच्या आसपासच त्या आहेत. २००९ साली त्या एका खासगी कंपनीला लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिल्या गेल्या आणि वर्षानुवर्षे तिथून प्रवासी विमान उडाले नाही. एकाच वेळी सगळीकडे विमाने सुरू करा असे मी म्हणणार नाही. पण कोल्हापूर–नागपूर मार्ग नीट चालला, रोज चालला, तर पुढे त्याच रेषेवर लातूरला किंवा यवतमाळला थांबा देण्याचा विचार करता येईल. आधी दोन टोके घट्ट बांधा.

याच रेषेवर सरकारने स्वतः शक्तिपीठ महामार्ग आखला आहे. मूळ आखणीनुसार पवनारपासून पत्रादेवीपर्यंत ८०२ किलोमीटर, वर्धा, यवतमाळ, मराठवाडा, सोलापूर, सांगली, कोल्हापूर करत गोव्याच्या हद्दीपर्यंत. अठरा तासांचा प्रवास आठ तासांवर येईल असे सांगितले जाते. आमच्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांचा त्याला कडवा विरोध आहे. जमीन पिकाऊ आहे, बागायती आहे, आणि ती जाणार म्हटल्यावर माणूस गप्प कसा बसेल? त्या वादाचा निकाल काहीही लागो. पण विदर्भ आणि दक्षिण महाराष्ट्र जोडण्याची सरकारला एवढी तळमळ आहे, तर त्याच रेषेवर वरून उडणारे विमान हा सर्वांत लवकर होणारा उपाय आहे. आकाशातल्या रस्त्याला सातबारा लागत नाही, भूसंपादन लागत नाही, कुणाची विहीर बुजत नाही. एका विमानाच्या रात्रीच्या मुक्कामाचा आणि रोजच्या दोन फेऱ्यांचा खर्च महामार्गाच्या खर्चापुढे किती, हे तुमच्या अर्थखात्याने मांडून बघावे.

आणखी काही गोष्टी, थोडक्यात. पावसाळ्यात कोल्हापूरला ढग खाली उतरतात आणि विमाने दुसरीकडे वळतात. कमी दृश्यमानतेत उतरण्यासाठी जी जी उपकरणे लागतात ती उजळाईवाडीला पूर्ण क्षमतेने बसवा, आणि धावपट्टी २३०० मीटर करण्याचे काम रेंगाळू देऊ नका. फेरी रद्द करायची असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळी कळवा, पहाटे नव्हे, आणि हैदराबादमार्गे किंवा मुंबईमार्गे त्याच दिवशी पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीवर टाका. उजळाईवाडीहून इचलकरंजी, जयसिंगपूर, सांगली, आणि नागपूर विमानतळाहून वर्धा, हिंगणघाट, यवतमाळ या बाजूंना विमानाच्या वेळेशी जोडलेली एस.टी. असावी. आज विमानाच्या तिकिटाइतकेच पैसे कधीकधी टॅक्सीला जातात.

विमान कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना वेगळे सांगतो. तुम्ही नफ्यासाठी चालवता, त्यात गैर काही नाही. पण हा मार्ग दुपारच्या वेळेत चालवून त्याची परीक्षा घेऊ नका. ऑक्टोबर ते मार्च, कापसाच्या आणि अधिवेशनाच्या हंगामात, सकाळ-संध्याकाळ चालवून बघा. आमच्या भागातल्या गिरण्या, यंत्रमागधारक, गूळ व्यापारी आणि फौंड्रीवाले यांच्याशी आधी बोला. ठराविक जागा हंगामभर आगाऊ घेण्याची तयारी असलेले लोक मला माहीत आहेत, मी स्वतः त्यांतला एक आहे. महिनाभर आधी वेळापत्रक पक्के मिळाले आणि ते बदलणार नाही अशी खात्री असली, तर खरेदीचे दौरे त्या फेरीभोवती आखता येतात.

हवाई वाहतुकीचे हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी लागू होते. विदर्भात त्याच सुमारास पहिल्या वेचणीचा कापूस जिनिंगला यायला लागतो. त्यामुळे या पत्राचे उत्तर सप्टेंबरअखेर मिळावे अशी विनंती आहे: कोल्हापूर–नागपूर सकाळची फेरी कोणत्या तारखेपासून, आठवड्यात किती दिवस, आणि रात्री विमान कोणत्या विमानतळावर उभे राहणार. नाही म्हणायचे असेल तर तेही लेखी कळवा, म्हणजे यंदा पुण्याच्या बसची तिकिटे आम्ही वेळेत काढू.

आपला,
इचलकरंजी परिसरातील एक कापूस खरेदीदार